कलर टिकवायचा की वरून चढवायचा? केसांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी या पानावर फक्त एवढंच लिहिलं होतं की केसांना कलर लावायच्या आधी ४८ तास पॅच टेस्ट करा (थोडा कलर कातडीवर लावून ॲलर्जी होते का ते बघायचं), आणि मला वाटलं पत्रं त्याबद्दलच येतील, पण नाही. बहुतेक प्रश्न कलर करून झाल्यावरचे आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना एकच हवंय, घरातलं काहीतरी लावायचं आणि कलर लॉक करून टाकायचा. तर आधीच सांगते, लॉक वगैरे काही नसतं. घरच्या उपायांचे माझ्या मते दोनच ढीग आहेत. एका ढिगातल्या वस्तू कलर जाण्याचा वेग कमी करतात, दुसऱ्या ढिगातल्या वस्तू गेलेल्या कलरवर तात्पुरता नवा थर चढवतात. आपण यातलं नक्की काय करतोय हे कळलं की निम्मा वैताग वाचतो. आता प्रश्न.

ताई, मी तीन आठवड्यांपूर्वी डार्क रेड कलर केला. पहिल्या दिवसापासून केस धुतले की पाणी लाल येतं, टॉवेल लाल, उशीचा अभ्रा लाल. आता केस फिकट विटकरी दिसतात. कलरच खराब होता का? घरी काय लावू?
— लाल टॉवेलवाली

कलर खराब असेलच असं नाही गं, लाल रंगाचं हे नेहमीचंच रडगाणं आहे, सगळ्यात आधी तोच उडालेला दिसतो.

केसाच्या बाहेरच्या बाजूला खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे एकावर एक बसलेले, त्याला क्युटिकल म्हणतात. पर्मनंट कलरमध्ये अमोनिया किंवा तशीच काहीतरी अल्कली असते, त्या मिश्रणाचा पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट, सातच्या वर अल्कली) नऊच्या वर जातो, केस फुगतो, खवले उचलले जातात आणि रंगाचे बारीक कण आत शिरतात. आत गेल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि बाहेर निघताना अडकतात. म्हणजे कलर केसाला चिकटत नाही, केसात अडकून बसतो. सेमी पर्मनंट कलर तर एवढंही करत नाही, त्याचे कण तयार रंगाचेच असतात, ते वरच्या थरात आणि थोडे आत जाऊन बसतात आणि दरवेळी धुताना थोडे थोडे निघून जातात. तुझं पाणी अजून लाल येतंय यावरून मला वाटतं की तुझा कलर सेमी असेल किंवा आधी ब्लीच केलेलं असेल.

आणि या सगळ्या खटाटोपात अजून एक गोष्ट होते. न रंगवलेल्या केसावर निसर्गाने दिलेला एक तेलकट पातळ थर असतो, त्यामुळे पाणी केसावर फार टिकत नाही. कलरने आणि त्याहून जास्त ब्लीचने तो थर निघून जातो. मग केस स्पंजासारखा पाणी पितो, फुगतो आणि फुगला की आतला रंग बाहेर. लोक सगळा दोष शाम्पूला देतात, पण नुसतं साधं पाणीसुद्धा रंग काढतं.

म्हणून काही लावायच्या आधी केस धुणं कमी कर. रोज धूत असशील तर आठवड्यातून दोनदा, जमलं तर त्याहून कमी. मधल्या दिवशी आंघोळ करताना केस कोरडे ठेव, मुळांना तेलकट वाटलं तर ड्राय शाम्पू चालतो. पाणी कोमट, गरम अजिबात नको. गार पाण्याने खवले दारासारखे फटकन बंद होतात असं जे सांगतात त्यात मला फार दम वाटत नाही, पण गरम पाण्यात रंग लवकर सुटतो हे खरंय, चहाची पत्ती गार पाण्यात टाकून बघ आणि गरम पाण्यात टाकून बघ म्हणजे कळेल. शाम्पू सल्फेट नसलेला घे आणि फक्त टाळूला लाव, लांबीला खाली वाहून येणारा फेस पुरतो. कोंड्याचा शाम्पू चालू असेल तर तोही रंग उडवतो, विशेषतः सेलेनियम सल्फाइड असलेला. पुढच्या वेळी कलर केल्यावर पहिले दोन-तीन दिवस केस धुऊच नकोस, पहिल्या एक-दोन धुण्यातच बराच माल वाहून जातो.

टॉवेलचं म्हणशील तर एक जुना गडद टॉवेल केसांसाठी वेगळा काढ, आणि केस घासायचे नाहीत, दाबून पाणी काढायचं.

व्हिनेगरने धुतलं की कलर टिकतो म्हणतात. मी ॲपल सायडर व्हिनेगर तसंच ओतलं, टाळूची आग आग झाली. चूक कुठे झाली?

चूक "तसंच" या शब्दात आहे. बाटलीतल्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असतं आणि पीएच अडीच-तीनच्या आसपास. ते टाळूवर ओतलं तर आग होणारच, ओरखडा असेल तर विचारूच नका.

पण उपायामागचं डोकं चुकीचं नाही. कलर, साबण, खाण्याचा सोडा हे सगळे अल्कलीच्या बाजूचे, त्यांनी खवले उचलले जातात. केसाला थोडं आंबट मानवतं, पीएच साडेतीन-पावणेचारच्या जवळ आला की केसावरचा विद्युतभार जवळपास शून्य होतो, खवले सपाट बसतात. सपाट खवले म्हणजे चमक जास्त, गुंता कमी आणि आतला रंग निसटायला वाव कमी. एवढंच आणि इतकंच, व्हिनेगर रंग "पक्का" करत नाही.

एक मोठा चमचा व्हिनेगर अर्ध्या लिटर पाण्यात. शाम्पू झाल्यावर केसांच्या लांबीवर ओता, एक-दोन मिनिटं थांबा, साध्या पाण्याने धुऊन टाका, आठवड्यातून एकदा बास. पाणी घातल्याने पीएच फार वर जात नाही, पण आम्लाचं एकूण प्रमाण इतकं कमी होतं की झोंबत नाही. ॲपल सायडरच हवं असं काही नाही, साधं पांढरंही तेच काम करतं. आणि हो, बाटलीवर कंडिशनरचा पीएच लिहिलेला नसला तरी बहुतेक कंडिशनर मुळातच आंबट बाजूचे असतात, म्हणजे केस धुतल्यावर दर वेळी कंडिशनर नीट लावणाऱ्यांना व्हिनेगर नाही लावलं तरी काही बुडत नाही.

नवीन कपड्याचा रंग जाऊ नये म्हणून मीठ टाकून भिजवतात तसं केसांना मिठाचं पाणी लावलं तर?

नको. कापडाचं शास्त्र वेगळं, केसाचं वेगळं. मीठ केस कोरडे करतं, खरखरीत करतं, रंगाला काही पकडत नाही. समुद्रात पोहून आल्यावर केसांचं काय होतं ते आठवा.

ताई माझी आई म्हणते खोबरेल तेल लाव, पार्लरवाली म्हणते कलर केलेल्या केसांना तेल अजिबात लावू नकोस रंग उतरतो. कोणाचं ऐकू?
— दोघींच्या मध्ये अडकलेली

आईचं ऐक, पण वेळ पार्लरवालीच्या सोयीची धर.

खोबरेल तेलावर बऱ्यापैकी अभ्यास झालेला आहे. २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल या तिघांची तुलना केलेला एक शोधनिबंध छापून आला होता, त्यात केस धुताना होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेल तेलाने लक्षात येईल एवढी कमी झाली, बाकी दोघांनी नाही. कारण असं की खोबरेल तेलात लॉरिक ॲसिड भरपूर, त्याची साखळी लहान आणि सरळ, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं, बाकीची तेलं जास्त करून वरच राहतात. आत तेल असलं की पाणी कमी शिरतं, पाणी कमी शिरलं की केस कमी फुगतो. मघाशी लाल टॉवेलवालीला जे सांगितलं त्याच्याशी जोडून बघ म्हणजे लक्षात येईल मी हे का सांगतेय.

म्हणजे तेल हे धुण्याच्या आधीचं चिलखत आहे. धुवायच्या तास-दोन तास आधी किंवा आदल्या रात्री, कोरड्या केसांच्या लांबीवर थोडंसं, मधल्या भागापासून टोकापर्यंत, हातावर चोळून मग केसांवर. पार्लरवालीची भीती कुठून येते तेही सांगते. आपल्याला तेल म्हणजे टपकणारं तेल माहिती, मग ते काढायला दोनदा-तीनदा शाम्पू, चोळून चोळून, गरम पाण्याने, आणि मग रंग उतरला की तेलाच्या नावाने बोटं मोडायची. एका शाम्पूत निघेल एवढंच तेल लावायचं हा नियम ठेव. आणि कलर केल्याकेल्या दोन-तीन दिवस तेल नको म्हणजे ते काढायला धुवावंही लागणार नाही.

तेल लावून उन्हात किंवा ड्रायरखाली बसू नकोस, आणि तेलकट केसांवर स्ट्रेटनर तर मुळीच नको. स्ट्रेटनरचा विषय निघालाच आहे तर, तापमान १८० अंशांच्या खाली ठेवायचं आणि केस पूर्ण कोरडे असतानाच, ओल्या केसात पाणी आतल्या आत उकळतं आणि मग रंगाचं सोड, केसच तुटतो.

डार्क ब्राऊन कलर केला होता, महिन्याभरात तांबूस झाला. चहाच्या पाण्याने फरक पडेल का? प्रमाण सांगा.

आधी तांबूस का होतो ते, कारण हे अनेकांनी विचारलंय आणि सगळ्यांना वाटतं की कलरमध्ये लाल मिसळलं होतं. नाही. पर्मनंट कलरमधलं पेरॉक्साइड तुमच्या केसाचा मूळ काळेपणा थोडा उडवतं आणि त्याच्या खाली जो तांबूस-नारिंगी रंग असतो तो उघडा पडतो. वर ब्राऊन आहे तोवर दिसत नाही, ब्राऊन फिकट झाला की खालचा डोकं वर काढतो. ऊनही त्यात भर घालतं, अतिनील किरणं रंगाचे कण मोडतात. त्यामुळे बाहेर जाताना टोपी किंवा स्कार्फ हा मी सांगू शकते असा सगळ्यात फुकटचा आणि सगळ्यात कमी लोक ऐकतात असा उपाय आहे.

आता चहा. हा दुसऱ्या ढिगातला उपाय, म्हणजे वरून चढवायचा. काळ्या चहातल्या टॅनिनमुळे केसाच्या पृष्ठभागावर डाग बसतो, कपड्यावर बसतो तसाच. अर्धा लिटर पाण्यात चार-पाच चमचे चहा पावडर, दहा मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या (दूध-साखर नको, हसू नका, एकीने खरंच विचारलंय). शाम्पू झाल्यावर एक भांडं खाली ठेवून केसांवर ओता, खाली पडलेलं परत ओता, असं चार-पाच वेळा, वीस मिनिटं थांबा, साध्या पाण्याने हलकं धुवा. तांबूसपणा थोडा दबतो, केस अर्धी शेड गडद वाटतात, पुढच्या एक-दोन धुण्यात जातं. केस खरखरीत वाटू शकतात, टॅनिन तुरट असतं ना, मग टोकांना थोडं कंडिशनर लावा.

कॉफीचंही असंच, फक्त वास दिवसभर बरोबर फिरतो. ज्यांचे केस सोनेरी किंवा ब्लीच केलेले आहेत त्यांनी चहा-कॉफीच्या वाटेला जाऊ नये, मळकट दिसतं. त्यांच्यासाठी कॅमोमाइलच्या फुलांचा काढा आहे, तो किंचित पिवळसर सोनेरी झाक देतो. लाल केसांवर जास्वंदीच्या लाल फुलांचं पाणी लावतात, किंवा बीटाचा रस. बीटाचा रंग फार लाजाळू, ऊन आणि उष्णता दोन्ही सहन होत नाही, एका धुण्यात गायब, आणि बाथरूममध्ये खून झाल्यासारखं दिसतं ते वेगळं. जास्वंदीचा रंग आंबटात लाल राहतो आणि अल्कली लागली की निळसर व्हायला लागतो, म्हणून त्या पाण्यात अर्धा चमचा व्हिनेगर घातलेलं बरं.

मॅडम, मी पुरुष आहे, केस पांढरे झाले म्हणून दर महिन्याला काळे करतो. पण तीन आठवड्यांत मुळाशी पांढरं दिसायला लागतं. रंग मुळाशीच का उडतो? काही घरगुती?

दादा, तो उडालेला नाही, तिथे कधी रंग लागलाच नव्हता. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, ते नवीन केस आहेत. घरगुती उपाय म्हणजे भांग बदलून पाडा. आणि दर वेळी पूर्ण केसांना डाय फासू नका, फक्त मुळांना लावा आणि शेवटची पाच मिनिटं खाली ओढा, नाहीतर लांबीला कलरवर कलर बसून केस कोळशासारखे आणि कोरडे होतात.

लिंबू, मध, खाण्याचा सोडा सगळं मिसळून हेअर मास्क केला कारण "नॅचरल" होता, कलर टिकायच्या ऐवजी दोन आठवड्यांत गेला. असं का?
— सगळे प्रयोग केलेली

कारण तू नकळत कलर काढायचा मास्क बनवलास. या पत्रावर मी थोडी जास्त जागा घेणार आहे कारण नैसर्गिक म्हणजे सौम्य हा समज फार महागात पडतो.

लिंबू: व्हिनेगरसारखंच आंबट म्हणून चालेल असं वाटतं, पण लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की केस उजळतात, लोक मुद्दाम उजळायला तेच करतात. शिवाय रस कपाळावर, मानेवर ओघळला आणि ऊन लागलं तर कातडीवर फोड येऊन काळे डाग पडतात, ते आठवडे-महिने जात नाहीत. केसांसाठी लिंबू मी तरी सुचवत नाही.

मध: पाणी मिसळलेल्या मधात एका एन्झाइममुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, थोडं का होईना पण तेच जे उजळायला वापरतात. त्यामुळे मध लावून तासन् तास बसलीस तर रंग किंचित फिकट होऊ शकतो. दहा मिनिटांनी आभाळ कोसळत नाही, पण कलर टिकवायचा म्हणून मध लावणं म्हणजे उलटीच गंगा.

सोडा: पीएच आठच्या वर. खवले उघडतो, थोडं घासतोही. शाम्पूत सोडा मिसळणं हा जुना कलर फिकट करायचा ओळखीचा जुगाड आहे, आणि तू तो टिकवायला वापरलास. अंगाचा साबण त्याच रांगेत, त्याचा पीएच नऊ-दहा.

व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून लावणं: हे तुझ्या यादीत नाही, पण दुसऱ्या दोघींच्या आहे. शाम्पूत कालवून ही पेस्ट लावली तर रंग उतरतो, नको असलेला सेमी पर्मनंट कलर काढायला लोक हेच करतात.

आणि रिठा. रिठ्यात सॅपोनिन असतं, म्हणजे तो निसर्गाचा साबणच आहे, झाडावर लागतो म्हणून रंगावर दया दाखवत नाही. वापरायचाच तर पातळ पाणी करून, पटकन. पावडर तशीच टाळूवर चोळायची नाही.

आता झालेलं झालं, पुढच्या कलरपर्यंत खोबरेल तेल आणि कंडिशनर, बाकी प्रयोगांना सुट्टी.

मी आठवड्यातून चार दिवस पोहते. कॅप घालूनही कलर जातो आणि केस हिरवट दिसतात. पोहणं सोडणार नाही, बाकी काहीही सांगा.

पोहणं सोडू नकाच. कॅपच्या आत पाणी जातंच, ती फक्त मारा कमी करते. खरी युक्ती पाण्यात उतरायच्या आधीची आहे, केस नळाच्या साध्या पाण्याने चिंब करा. स्पंज आधीच भरलेला असला की त्यात तलावाचं पाणी कमी शिरतं. त्यावर लांबीला थोडं खोबरेल तेल किंवा कंडिशनर, मग घट्ट वेणी, मग कॅप. बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्याने धुवा, घरी जाऊन धुऊ असं नको.

हिरवेपणा क्लोरीनचा नाही, पाण्यातल्या तांब्याचा असतो, क्लोरीन त्याला मदत करतं, आणि तो फिकट केसांवर जास्त दिसतो. इथे मात्र मघाची ती व्हिटॅमिन सी उपयोगी पडते, कारण ती क्लोरीन निष्प्रभ करते. चिमूटभर पावडर एका मगभर पाण्यात, ओतलं की लगेच धुवायचं. एकच वस्तू, पातळ आणि झटपट असेल तर मित्र, पेस्ट करून ठेवली तर रंगाची वैरी. दर वेळी शाम्पू करू नका, चार दिवसांपैकी दोन दिवस पाणी आणि कंडिशनर पुरे.

आमच्याकडे पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. कलर केल्यापासून केस निस्तेज. फिल्टर लावू का?

जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर साचतं, रंग असतो पण धुळीच्या काचेआडून बघितल्यासारखा दिसतो. शॉवरला लावायचे बहुतेक छोटे फिल्टर क्लोरीन, गाळ यासाठी असतात, पाण्याचा जडपणा ते फारसा काढत नाहीत, त्यामुळे घ्यायच्या आधी नीट विचारा. वर दिलेलं व्हिनेगरचं पाणी तुमच्यासाठी इतरांपेक्षा जास्त कामाचं आहे, आम्लाने तो थर सुटतो, भांड्यांवरचे डाग व्हिनेगरने निघतात तसंच. शिवाय शेवटचा एक मग उकळून गार केलेल्या, वरच्यावर ओतून घेतलेल्या पाण्याचा घ्या, उकळल्यावर थोडा जडपणा तळाशी बसतो.

कलर फिकट झाला की त्यावर मेंदी लावली तर चालेल का? नॅचरल आहे आणि कंडिशनिंगही होतं.

चालेल पण तीन गोष्टी ऐकून मग ठरवा. मेंदीतलं रंगद्रव्य, लॉसोन, केसाच्या केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याला, खरोखर धरून बसतं, चहा-बीटासारखं एका धुण्यात जात नाही. म्हणजे या पानावरच्या सगळ्या घरगुती वस्तूंमध्ये टिकणारी हीच एक. पण ती एकच रंग जाणते, तांबूस-नारिंगी. ब्राऊनवर तांबूस झाक येईल, फिकट किंवा ब्लीच केलेल्या केसांवर गाजर होईल आणि ते सहजासहजी निघणार नाही. लाल-तांबड्या कलरवाल्यांना मात्र मेंदी छान साथ देते.

दुसरं, पाकिटावर मेंदी लिहिलंय म्हणून आत मेंदीच असते असं नाही. "काळी मेंदी" म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा पीपीडी असतं, म्हणजे केमिकल डायमधलंच द्रव्य, मेंदीचं झाड काळा रंग देतच नाही. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात आणि त्यावर नंतर पेरॉक्साइडचा कलर किंवा ब्लीच लावला तर केस गरम होतात, तुटतात, मी हे गंमत म्हणून सांगत नाहीये. म्हणून कंगव्यातले गळलेले चार केस घ्या, त्यांना आधी मेंदी लावा, धुवा, मग पुढचा कलर लावून बघा. डोक्यावर प्रयोग करण्याआधी कंगव्यातल्या केसांवर झालेला बरा.

तिसरं, मेंदीवर नीळ (कपड्यांची नव्हे, नीळीच्या झाडाच्या पानांची पावडर) लावून गडद करत असाल तर पुढे कधी ब्लीच करायचा विचार सोडून द्या, हिरवट निघायची शक्यता फार.

अंडं, दही, कोरफड, यातलं कलरला काय चांगलं?

अंड्यातली प्रथिनं आकाराने मोठी, केसात शिरत नाहीत, वर बसून थोडा गुळगुळीतपणा देतात, आणि चुकून गरम पाण्याने धुतलंत तर डोक्यावर ऑम्लेट. दही सौम्य आंबट असतं, वीस मिनिटं लावून धुतलं तर नुकसान काही नाही, पण ते वास जाईपर्यंत धुवावं लागतं आणि मग तेच, जास्त धुणं. तिघांत मी कोरफड घेईन. ताजा गर मिक्सरमधून काढून गाळून घ्या, पीएच साडेचार-पाचच्या आसपास असतो, ओलावा धरतो आणि एका पाण्यात निघून जातो. गर काढताना सालीजवळचा पिवळा चीक निथळू द्या, तो खाजतो.

कलर केल्यापासून टाळू खाजते, कानामागे पुरळ आलंय. कोरफड लावू का कडुलिंब?

दोन्ही नको. हे कलर टिकवायचं प्रकरणच नाही. पीपीडीची ॲलर्जी अशीच सुरू होते आणि दर वेळी वाढत जाते. भरपूर पाण्याने धुवा, डायचं पाकीट घेऊन त्वचारोग डॉक्टरांना दाखवा. चेहरा किंवा डोळे सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच हॉस्पिटल गाठा. आणि डॉक्टर सांगेपर्यंत कुठलाही कलर परत नाही, "हर्बल" लिहिलेलाही नाही.

मी निळे केस केलेत!! दोन आठवड्यांत ते शेवाळी झाले. आई म्हणते बरं झालं. प्लीज काहीतरी घरगुती सांगा ताई.
— शेवाळी

अगं तुझ्यासाठी स्वयंपाकघरात काहीच नाही, निळ्या रंगाची खाण्याची वस्तू शोधत बसू नकोस. शेवाळी का झाले तर ब्लीचनंतर खाली उरलेला पिवळा आणि वर फिकट झालेला निळा, मिळून हिरवा, शाळेतल्या रंगपेटीसारखं.

तुझा तोच निळा सेमी पर्मनंट कलर थोडा उरला असेल तर पांढऱ्या साध्या कंडिशनरमध्ये मिसळ, एका वाटीला दोन-तीन चमचे, रंग तुला हवा त्यापेक्षा जरा गडद दिसला पाहिजे. पेरॉक्साइड मिसळून वापरायचा असेल तो कलर यात नाही चालत, ते पाकिटावर बघ. दर आठवड्याला शाम्पूनंतर ओल्या केसांना लावून पंधरा-वीस मिनिटं ठेव, गार पाण्याने धू. एक मोठी बाटली एकदाच करून ठेवली तरी चालते, पण भांडं, चमचा सगळं प्लास्टिकचं घे आणि ओले हात लावू नकोस. हे घरगुती आहे का? घरीच करतेस ना, मग झालं. हातमोजे घाल, कपाळाच्या कडेला व्हॅसलिन लाव, आणि बाथरूमच्या फरश्यांवर पडलेले थेंब वाळायच्या आत पूस, नाहीतर आई या वेळी बरं झालं म्हणणार नाही.